लोहारा कुणाच्या नकाशात? ‘आजचे देश’ मोजणाऱ्यांना उत्तर #थ्रेड

१/
इतिहासाच्या चर्चांमध्ये एक प्रश्न ठरावीक अंतराने उगवतो: सेल्युकिड साम्राज्य आजच्या कोणकोणत्या देशांत पसरले होते? उत्तरही ठरलेले असते. तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन, इस्रायल, पॅलेस्टाईन, जॉर्डन, इराक, कुवेत, इराण, आर्मेनिया, तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान. सोबत एकाच रंगाने भरलेला नकाशा आणि त्याखाली ध्वजांची रांग. लोक ते आनंदाने पुढे पाठवतात. ही यादी चुकीची आहे, आणि एखादा देश गाळून वा वाढवून ती दुरुस्त होणारी नाही. प्रश्नाला असे उत्तर देण्याची रीतच सदोष आहे. हे पटवून घेण्यासाठी अँटिऑकपर्यंत जावे लागत नाही. यवतमाळजवळचे लोहारा पुरेसे आहे. तरी आधी सेल्युकिडांचा हिशेब चुकता करू.

२/
पहिला आक्षेप तारखेचा. अलेक्झांडर इ.स.पू. ३२३ मध्ये बाबिलोन येथे मरण पावला आणि त्याच्या सेनापतींमध्ये वाटणीची युद्धे जुंपली. सेल्युकसने ३१२ मध्ये बाबिलोन परत मिळवले. त्याच्या घराण्याची कालगणना याच घटनेशी जोडलेली आहे. पुढे पूर्वेकडे सरकत तो सिंधूपर्यंत आला. तेथे चंद्रगुप्त मौर्य उभा होता. इ.स.पू. ३०३ च्या सुमारास दोघांत तह झाला. सेल्युकसला ५०० हत्ती मिळाले आणि चंद्रगुप्ताला काबूल-कंदाहारकडचे व बलुचिस्तानाकडचे प्रांत. म्हणजे राज्य नीट उभे राहण्यापूर्वीच ‘पाकिस्तान’ आणि ‘अफगाणिस्तान’चा मोठा भाग त्यातून वजा झाला. हत्ती मात्र कामी आले, इ.स.पू. ३०१ मध्ये इप्ससच्या रणांगणावर त्यांनीच निकाल फिरवला.

३/
आता यादीचे दुसरे टोक. इस्रायल, पॅलेस्टाईन आणि त्यालगतचा किनारा हा पट्टा तिसऱ्या शतकात इजिप्तच्या टॉलेमी घराण्याकडे होता. तो सेल्युकिडांकडे पक्का आला तो तिसऱ्या अँटिऑकसच्या काळी, इ.स.पू. २०० च्या पॅनिअमच्या लढाईनंतर. तोवर चंद्रगुप्ताच्या तहाला शंभर वर्षे उलटली होती, बॅक्ट्रियाचा क्षत्रप डायोडोटस स्वतंत्र होऊन अर्धे शतक लोटले होते आणि पार्थियात अर्सासिड घराण्याने मूळ धरले होते. ज्या दिवशी जेरुसलेम आणि सिंधूकाठ हे दोन्ही सेल्युकिडांच्या पक्क्या ताब्यात होते, असा एकही दिवस दाखवता येत नाही. पंधरा ध्वजांचा तो नकाशा वेगवेगळ्या शतकांतील तुकडे एकत्र शिवून तयार केलेली गोधडी आहे.

४/
यावर कुणी म्हणेल, तिसरा अँटिऑकस पूर्वेच्या मोहिमेवर गेला होताच. गेला होता. त्याने बॅक्ट्रा नगराला दोन वर्षे वेढा घातला. नगर पडले नाही. अखेर इ.स.पू. २०६ मध्ये युथिडेमसचे राजेपद मान्य करून आणि त्याच्याकडून हत्ती घेऊन तो परतला. मग त्या वर्षी बॅक्ट्रिया कुणाचा? मान देणाऱ्याचा की मान घेणाऱ्याचा? नकाशात रंग भरणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते, कारण त्याच्याजवळ एका जागेसाठी एकच रंग असतो. प्रत्यक्ष राजकारणाला तशी सक्ती नव्हती.

५/
दुसरा आक्षेप संख्येचा. आज यादीत पंधरा नावे येतात. हीच यादी १९१४ च्या आरंभी केली असती तर उस्मानी साम्राज्य, इराण, अफगाणिस्तान, रशिया आणि ब्रिटिश हिंदुस्थान, अशी पाच-सहा नावांत आटोपली असती. सेल्युकसच्या राज्याची वीतभर जमीनही दरम्यान हलली नाही. पहिले महायुद्ध झाले, मँडेट आले आणि गेले, १९४७ ची फाळणी झाली, १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला. ‘पंधरा’ हा आकडा विसाव्या शतकाविषयी बरेच सांगतो. इ.स.पू. तिसऱ्या शतकाविषयी तो काहीही सांगत नाही.

६/
याचे सर्वांत बोलके उदाहरण खुद्द राजधानीचे. ओरॉन्टेस नदीकाठचे अँटिऑक म्हणजे आजचे अंताक्या. पहिल्या महायुद्धापूर्वी ते उस्मानी होते, मग फ्रेंच अमलाखालच्या सीरियात गेले, १९३८ मध्ये ‘हताय’ नावाच्या अल्पजीवी राज्यात आणि १९३९ मध्ये तुर्कस्तानात. सीरियाचे सरकारी नकाशे त्यानंतरही दीर्घकाळ तो भाग आपलाच दाखवत राहिले. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात ते शहर उद्ध्वस्त झाले. तेव्हा सेल्युकिड राजधानी ‘आजच्या कोणत्या देशात’ हे सांगणारा मनुष्य, त्याला ठाऊक असो वा नसो, एका जिवंत सीमावादात बाजू घेत असतो.

७/
आता लोहारा. यवतमाळ शहराला पश्चिमेकडून लागून असलेले हे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. ऐतिहासिक स्थळांच्या याद्यांत त्याचे नाव क्वचितच दिसते. परंतु हेच नाव एका महासाम्राज्याच्या सरकारी यादीत नोंदलेले आहे. अहमदनगरच्या निजामशाहीने १५९६ मध्ये वऱ्हाड अकबराला सोडला आणि लगेचच अबुल फजलच्या ‘आइन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे परगणे लिहिले गेले. त्यात ‘योत लोहारा’ असा महाल आहे. योत म्हणजे यवत, लोहारा म्हणजे शेजारचे हे गाव. यवत हे महालाचे ठिकाण. ‘यवत-महाल’ झिजून ‘यवतमाळ’ झाले. जिल्ह्याच्या नावातच महसुली खात्याचा शब्द दडून बसला आहे.

८/
त्या यादीचे वैशिष्ट्य तिच्या प्रामाणिकपणात आहे. लोहाऱ्याच्या पूर्वेस असलेल्या कळंबविषयी अबुल फजल लिहितो की ते जुने शहर असून तेथील म्हशी नामांकित आहेत. आणि लगेच पुढे सांगतो की या बाजूला चांद्याचा गोंड जमीनदार असून त्याच्याजवळ १,००० घोडेस्वार आणि ४०,००० पायदळ आहे. बादशहाच्या दरबारी अधिकाऱ्याने, बादशहाच्या गौरवार्थ लिहिलेल्या ग्रंथात, बादशहाच्या सुभ्याच्या अंगाला उभे असलेले हे बळ लपवलेले नाही. आजचा हौशी नकाशाकार मात्र अकबराचे राज्य म्हणून सगळा पट्टा सलग हिरवा रंगवतो आणि ते ४०,००० गोंड एका फटकाऱ्यात पुसून टाकतो. चारशे वर्षांपूर्वीचा चिटणीस ज्या ठिकाणी सावध होता, तेथे आजचा संगणकधारी बेफिकीर आहे.

९/
हा दोष केवळ परक्यांच्या नकाशांत आहे, अशा समजुतीत मराठी वाचकाने राहू नये. १७५८ सालचा मराठी राज्याचा भगवा नकाशा सर्वांच्या परिचयाचा आहे: तंजावरपासून अटकेपर्यंत एक रंग, खाली ‘आजचा भारत आणि पाकिस्तान’. अटकेपर्यंतची मोहीम खरी आहे आणि तिचा अभिमान वाटण्यात गैर काही नाही. परंतु त्याच नकाशात लोहाऱ्यावरही तोच रंग ओतलेला असतो. तेथे त्या वर्षी काय होते? वऱ्हाडात दुअमली होती. निजामाचा अंमल आणि नागपूरकर भोसल्यांचा अंमल एकाच मुलखात शेजारी शेजारी नांदत होता. महसुलाचे वाटे ठरलेले होते. पंजाबातील मुक्काम फार दिवसांचा ठरला नाही, हे सगळे जाणतात. घराजवळच्या मुलखात दोन धनी होते, हे मात्र नकाशा पाहणाऱ्याला कळूच दिले जात नाही. अटकेचा अभिमान बाळगणाऱ्या वैदर्भीय तरुणाला आपल्याच गावाचा अठराव्या शतकातील इतिहास ठाऊक नसावा, ही या नकाशांची खरी करणी आहे.

१०/
पुढची कथा आणखी गुंतागुंतीची. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलखावरचा आपला हक्क सोडला, आणि दुअमली संपून वऱ्हाड निजामाकडे गेला. ५० वर्षांनी, १८५३ मध्ये, हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. हवाली केला, दिला नाही. १९०२ मध्ये तोच मुलूख वर्षाला २५ लाख रुपये घेऊन कायमच्या पट्ट्याने देण्यात आला आणि १९०३ मध्ये कारभारासाठी मध्य प्रांताला जोडला गेला. १९३६ च्या करारात इंग्रजांनी वऱ्हाडवरचे निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य केले, त्याला ‘हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम’ म्हणवून घेऊ दिले आणि त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी दिली.

११/
आता एक साधी परीक्षा. १ जानेवारी १९४० रोजी लोहारा कोणाचे? सार्वभौम राजा हैदराबादेत. कारभार नागपुरातून. कायदा इंग्रजांचा. निवडणुकीचा मतदारसंघ ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या प्रांतातला. बोली वऱ्हाडी. हे सर्व कागदोपत्री उपलब्ध आहे, करारनामे छापलेले आहेत, त्या काळाचे साक्षीदार परवापरवापर्यंत हयात होते. तरीही या गावावर एकच रंग भरायला सांगितले तर कोणताही प्रामाणिक माणूस अडखळेल. जे १९४० च्या लोहाऱ्याबाबत शक्य नाही ते इ.स.पू. २८१ च्या मर्व्ह किंवा सुसा नगराबाबत छातीठोकपणे कसे करता येते? उत्तर सोपे आहे. जिथली माहिती कमी, तिथे रंग भरण्याचे धाडस जास्त.

१२/
ज्याला सेल्युकिड साम्राज्य म्हणतात त्याला स्वतःचे नाव तरी होते काय? त्या राजांची नाणी पाहावीत. ग्रीक भाषेत त्यांवर एवढेच असते: ‘राजा सेल्युकसचे’, ‘राजा अँटिऑकसचे’. षष्ठी विभक्ती. देशाचे नाव नाही, सीमेचा उल्लेख नाही. आणि गंमत अशी की दख्खनेतील सातवाहनांच्या नाण्यांवरही प्राकृतात हीच विभक्ती आहे: ‘राजा श्री सातकर्णीचे’. दोन्हीकडे राज्य म्हणजे कुणाचे तरी असणे. कुठून कुठपर्यंत, हा प्रश्न नाण्याने स्वतःला विचारलेलाच नाही.

१३/
राजेही ठिकाण पाहून वेष बदलत. पहिल्या अँटिऑकसने बोर्सिप्पा येथील मंदिराच्या पायात पुरलेला मातीचा लेख उपलब्ध आहे. तो अक्कडी भाषेत, कीलाक्षरांत आहे. त्यात हा मॅसिडोनी बापाचा मुलगा स्वतःला जुन्या थाटात बाबिलोनचा राजा म्हणवतो आणि नाबू देवाकडे मागणे मागतो. तोच राजा ग्रीक नगरांशी बोलताना ग्रीक रिवाजाने बोलतो. बाबिलोनच्या पुरोहिताच्या लेखी तो बाबिलोनचा राजा, ग्रीक नगरवासियाच्या लेखी अलेक्झांडरच्या परंपरेतला. या राज्याचा एकरंगी नकाशा काढणे म्हणजे बहुरूप्याचे एकच छायाचित्र घेऊन हाच त्याचा चेहरा असे सांगणे.

१४/
याद्यांचा हा खेळ निरुपद्रवी असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु यादीच्या मागोमाग दावा येतो. दख्खनेत तो सातवाहनांवरून येतो. सातवाहनांविषयी काहीही लिहिले की खाली दोन फळ्या पडतात: ‘ते मराठी होते’ आणि ‘ते तेलुगू होते’. मराठी फळी पैठण, जुन्नर, नाणेघाट, नाशिक पुढे करते, हालाची महाराष्ट्री प्राकृतातली गाथा पुढे करते. तेलुगू फळी पुराणांतला ‘आंध्र’ हा शब्द, अमरावतीचा स्तूप आणि करीमनगरकडील कोटिलिंगालची आरंभकाळची नाणी पुढे करते. दोन्हींचे पुरावे खरे आहेत. प्रश्न मात्र खोटा आहे, कारण पहिल्या शतकात ना मराठी ओळख होती ना आजच्या अर्थाची तेलुगू ओळख. पुळुमावी व त्याच्यानंतरच्या राजांच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला द्राविडी भाषा आहे. दोन भाषांचे नाणे पाडणाऱ्या राजाला आज एका भाषेच्या दावणीला बांधण्याची धडपड चालली आहे.

१५/
त्या काळच्या लोकांनी आपल्या राज्याची यादी केली नाही असे नाही. केली, आणि ती नाशिकच्या लेण्यात कोरलेली आहे. गौतमी बलश्रीने, पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी गेल्यानंतर, नातू पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षी त्याचे गुणगान कोरवले. त्यात तो असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदभ आणि आकरावंती यांचा राजा म्हटला आहे. ‘विदभ’ म्हणजे विदर्भ. लोहाऱ्याचा मुलूख त्याच नावाखाली येतो. या यादीत ‘आंध्र’ नाही म्हणून एक फळी आनंदते. परंतु तीत ‘महाराष्ट्र’ही नाही. शोकाकुल आईने मोठेपणा सांगण्यासाठी निवडलेली ही नावे आहेत, महसुली दप्तर नव्हे. तरीही आजच्या नकाशापेक्षा ती अधिक विश्वसनीय आहे, कारण तिला स्वतःच्या काळाची भाषा येते.

१६/
आणि राज्यांची संख्या? २ जून २०१४ रोजी तेलंगणा वेगळा झाला, तेव्हा ‘सातवाहनांचे साम्राज्य आजच्या किती राज्यांत’ या प्रश्नाचे उत्तर एका रात्रीत एकाने वाढले. त्याआधी १९५६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्याचा राजुरा तालुका मराठी भाषक म्हणून तेव्हाच्या मुंबई राज्यात आला, तर आदिलाबादचा मोठा भाग आंध्रात गेला. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला वाहणारी पैनगंगा काही अंतर आज दोन राज्यांची सीमा आहे. सातवाहनांच्या व्यापाऱ्याला ती उतार शोधून ओलांडायची नदी होती.

१७/
सातवाहनांच्या प्रत्यक्ष वावराचा वऱ्हाडातला ठळक पुरावा मंगरूळपीरजवळच्या तऱ्हाळे येथे मिळाला. १९३९ मध्ये तेथे त्यांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. पुराणांच्या वंशावळीत नसलेली राजांची काही नावे त्या नाण्यांनी प्रथम उजेडात आणली. म्हणजे एका खेड्याच्या मातीतून निघालेल्या मडक्याने ग्रंथोक्त वंशावळी दुरुस्त केली. ‘मराठी की तेलुगू’ या वादात हजारो शब्द खर्च करणाऱ्यांपैकी किती जणांनी तऱ्हाळ्याचे नाव ऐकले आहे, याचा शोध घेण्यासारखा आहे.

१८/
सीमा अजिबात नव्हत्या असाही या सर्वांचा अर्थ नाही. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकाची पार्श्वभूमी शुंगकालीन, म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या शतकाची आहे. तीत अग्निमित्राचे सैन्य विदर्भाच्या यज्ञसेनाला हरवते आणि शेवटी विदर्भाचे दोन भाग करून एक यज्ञसेनाला व दुसरा माधवसेनाला दिला जातो. दोहोंमधील सीमा ठरते वरदा नदी. वरदा म्हणजे वर्धा. १८०३ मध्ये भोसल्यांचा हक्क जिथे थांबला ती हीच नदी, आणि आज यवतमाळ जिल्ह्याची पूर्वेकडची कड सांभाळणारीही हीच. त्याच नाटकात सिंधूकाठी यवनांशी झालेल्या चकमकीची वार्ताही येते. वर्ध्याकाठची वाटणी आणि सिंधूकाठचे ग्रीक एकाच कथेत बसतात, यात नाटककाराला काही वावगे वाटले नाही. अर्थात हा कवी त्या घटनांनंतर अनेक शतकांनी लिहीत होता. म्हणून त्याची साक्ष जपूनच घ्यावी. पण नदी सीमा होऊ शकते, राज्यांना कडा असतात, हे त्या काळालाही ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच की त्या कडा दोन हजार वर्षांनी कुणाच्या ध्वजाखाली मोजल्या जातील.

१९/
कोणत्या साम्राज्यांवरून भांडण होते आणि कोणत्यांवरून होत नाही, हेही पाहण्यासारखे आहे. अलेक्झांडरवरून ग्रीस आणि त्याच्या उत्तरेकडचा शेजारी अनेक वर्षे भांडले. २०१८ मध्ये करार होऊन त्या देशाने ‘उत्तर मॅसिडोनिया’ असे नाव घेण्याचे मान्य केले. इराणच्या शहाने १९७१ मध्ये पर्सेपोलिस येथे राजेशाहीची २,५०० वर्षे साजरी केली. सद्दाम हुसेनने बाबिलोनच्या नव्या विटांवर आपले नाव उमटवले. सेल्युकसचा उत्सव मात्र कुणीही करत नाही. तुर्कांना तो परका, इराण्यांना परका, अरबांना परका. ग्रीकांना तो दूरचा. त्याच्या राज्यात एवढे आजचे देश मोजले जातात आणि एकही देश त्याला पूर्वज म्हणत नाही.

२०/
वऱ्हाडातही असाच एक बेवारस वंश आहे. अचलपूरची इमादशाही. तिचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा विजयनगरच्या मुलखातला जन्माने ब्राह्मण. लहानपणी लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला, बहामनी दरबारात चढत गेला आणि १४९० च्या सुमारास स्वतंत्र झाला. गाविलगड आणि नरनाळा हे या राज्याचे बळकट किल्ले. १५७४ मध्ये अहमदनगरने ते राज्य गिळले. आठ दशकांहून अधिक काळ लोहाऱ्याचा मुलूख या घराण्याच्या छायेत होता. समाजमाध्यमांवर इमादशाहीचा नकाशा भगवा, हिरवा वा कोणत्याही रंगाचा फिरताना दिसत नाही. कारण तो फिरवून आज कुणाचाही दावा बळकट होत नाही. इतिहासाचे प्रेम म्हणून जे मिरवले जाते त्यात प्रेम किती आणि दावा किती, हे अशा ठिकाणी उघडे पडते.

२१/
यादीच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र ऐकण्याजोगा आहे. शाळकरी मुलाला ‘सोग्दियाना’ म्हटले तर काही कळत नाही. ‘आजचे उझबेकिस्तान-ताजिकिस्तान’ म्हटले की नकाशावर बोट ठेवता येते. हे मान्य. पत्ता म्हणून आजची नावे वापरण्यास कुणाची हरकत नसावी. अंताक्या तुर्कस्तानात आहे, पैठण महाराष्ट्रात आहे, कुवेतच्या फैलाका बेटावर सेल्युकिड काळातील गढी आणि ग्रीक शिलालेख सापडला आहे, हे सांगितलेच पाहिजे. नाहीतर ती स्थळे पाहायला जाणार कोण? तक्रार पत्त्याविषयी नाही. पत्त्यावरून सातबारा तयार करण्याविषयी आहे. सातबाऱ्यावर खातेदाराचे नाव असते, आणि एकदा नाव लागले की त्याला वारस फुटतात.

२२/
मग नकाशा काढूच नये? काढावा, पण वर्ष लिहून. ‘सर्वाधिक विस्तार’ हे वर्ष नव्हे. आणि रंगाऐवजी त्या त्या ठिकाणी काय होते ते लिहावे: येथे ठाणे होते, येथे टांकसाळ होती, येथून खंडणी येत असे, येथला राजा नुसता मान देत असे, येथे फौज एकदा आली आणि गेली. अशा नकाशात १७५८ च्या लोहाऱ्यापाशी ‘दुअमली’ लिहिता येते, १९४० च्या लोहाऱ्यापाशी ‘सार्वभौम निजाम, कारभार नागपूर’ लिहिता येते, आणि इ.स.पू. २०६ च्या बॅक्ट्रियापाशी ‘युथिडेमस, अँटिऑकसच्या मान्यतेने’ लिहिता येते. तो नकाशा पुढे पाठवायला कमी लोक धजावतील हे खरे. त्यावर लिहिलेले आधी वाचावे लागेल.

२३/
अशोकाच्या तेराव्या शिलालेखाची मांडणी या दृष्टीने पाहावी. त्यात योन राजा अंतियोक येतो, म्हणजे सेल्युकिड घराण्यातलाच दुसरा अँटिऑकस. त्याच्या पलीकडचे चार राजे येतात. आणि त्याच लेखात, अशोकाच्या आपल्या मुलखात, भोज आणि आंध्र यांची नावे येतात. भोजांचे नाते अनेक अभ्यासक विदर्भाशी जोडतात. राजांची नावे राजांची आहेत, लोकांची नावे लोकांची. कुठे एक रेघ ओढलेली नाही. अशोकाला कंदाहारमधल्या प्रजेशी बोलायचे होते तेव्हा त्याने तेथे ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांत लेख कोरवला. तो १९५८ मध्ये सापडला. चंद्रगुप्ताने तहात मिळवलेल्या मुलखातली ती प्रजा होती. तिची भाषा तहाने बदलली नव्हती.

२४/
नाशिकच्या पांडवलेण्यांतील एका लेण्यात देणगीदाराने स्वतःची ओळख कोरून ठेवली आहे. त्याचे नाव इंद्राग्निदत्त, बापाचे नाव धम्मदेव. तो स्वतःला योनक म्हणतो, उत्तरेकडचा म्हणतो आणि दातामिती नगरीचा रहिवासी म्हणतो. डोंगरात लेणे खोदवून, त्यात चैत्य आणि पाण्याची टाकी करवून, आईबापांच्या पुण्यासाठी त्याने ते भिक्षुसंघाला दिले. देण्यात त्याचा मुलगाही सहभागी आहे. त्याचे नाव धम्मरखित. ग्रीक म्हणवणारा मनुष्य, वैदिक देवतांची नावे धारण करणारा, मुलाला बौद्ध नाव देणारा, गोदावरीच्या उगमाजवळ प्राकृतात लिहिणारा. दातामिती हे नाव डेमेट्रियस या ग्रीक राजाच्या नावावरून आले असावे असे मानतात. ती नगरी नेमकी कुठे होती यावर अभ्यासकांची मते वेगवेगळी आहेत. म्हणून ‘इंद्राग्निदत्त आजच्या कोणत्या देशाचा?’ या प्रश्नापाशी यादी करणाऱ्याची लेखणी अडते. त्याने स्वतः जे सांगायचे ते दगडात सांगून ठेवले आहे, आणि लेण्याची पाण्याची टाकी अजून तेथे आहे.